हलणारा धैवत

रोज दुपारी चारच्या सुमाराला आमच्या माडीवरून पेटीचा एकच सूर ऐकू यायचा. फक्त एक. मग भाता थांबायचा आणि बराच वेळ काहीच नसायचं. पहिल्याच आठवड्यात मी चहा घेऊन वर गेलो, तर आमचे नवे भाडेकरू हॉवर्ड साहेब पेटीच्या लाकडाला कान लावून बसलेले. पंच्याहत्तरीचा, पांढऱ्या भुवयांचा, ताडमाड अमेरिकन माणूस. मी हाक मारली, तर बोट वर करून म्हणाले, "थांब की. अजून हाय."

मला काही ऐकू आलं नाही. आणि माझा तर धंदाच कानाचा. मंगळवार पेठेत तीस वर्षं पेट्या दुरुस्त करतोय. भाता थांबला की पेटीचा सूर मरतो, हे मी त्यांना ऐकवलंही. ते नुसते हसले.

त्यांचं मराठी बायकोचं. मालतीबाई इकडच्याच, कोडोलीच्या, नर्स म्हणून अमेरिकेला गेलेल्या. साहेब तिकडं एका कॉलेजात संगीत शिकवायचे आणि मोठ्या वाद्यवृंदांसाठी रचना लिहायचे. मी एकदा विचारलं, तुमचं संगीत कुठं ऐकायला मिळेल? शेंगा सोलता सोलता म्हणाले, "न्हाय मिळायचं. चाळीस मानसं एकदा वाजवत्यात, मग कागद कपाटात जातोय. दुसऱ्यांदा कुनी बोलवत न्हाय." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. मलाच कसंतरी झालं.

मूलबाळ नव्हतं. मालतीबाई गेल्यावर त्यांच्या अस्थी आणि त्यांची पेटी घेऊन साहेब इकडं आले. अस्थी नृसिंहवाडीला संगमात सोडल्या आणि परत गेलेच नाहीत. आमच्या माडीवर बसून त्यांची शेवटची रचना लिहीत होते, फक्त त्या पेटीसाठी. "ही दोनदा वाजली पायजे," एवढीच त्यांची इच्छा होती.

आता माझी नसती उठाठेव सांगतो. त्या पेटीतली मधल्या सप्तकातली एक काळी पट्टी, मालतीबाईंचा कोमल धैवत, हलत होती. एका पट्टीखाली दोन सूर असतात, म्हणजे पितळेच्या दोन पातळ पट्ट्या, वाऱ्यानं वाजणाऱ्या. त्यांतला एक किंचित उतरला की आवाजात लाट येते. साहेब रोज वाजवायचे तो नेमका तोच. बेसूर कानावर पडला की आमचे हात शिवशिवतात. "साहेब, लावून देतो," मी म्हणालो. "नको. बरा हाय तसाच," ते म्हणाले.

पण आमच्याकडं पाहुण्यानं नको म्हटलं की वाढायचंच असतं. साहेब रोज आमच्यात जेवायचे, रोज ताटावर हात आडवा धरून "पुरे" म्हणायचे, आणि आमची मंडळी त्या हाताच्या बाजूनं भाकरी सरकवायची. "पावणं, लाजू नका," म्हणायची. ते खायचे. त्यांचा पेटीबद्दलचा नकारही मी त्याच ताटातला समजलो. दर महिन्याला मालतीबाईंच्या तिथीला ते नृसिंहवाडीला जायचे. तसे गेले असताना मी पेटी उघडली, उतरलेल्या सुराच्या टोकावर कानस फिरवली. पाच मिनिटांचं काम. धैवत असा लागला की मीच माझी पाठ थोपटून घेतली.

साहेब संध्याकाळी कवठाची बर्फी घेऊन आले. मी त्यांना ओढतच वर नेलं. त्यांनी पट्टी दाबली. भाता थांबवला. कान लावला. या वेळी लगेच उठले. "चांगला लागलाय," म्हणाले आणि बर्फीचा पुडा माझ्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी चारला सूर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी वर जाऊन विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षं मालतीबाई त्याच पेटीवर गायल्या. पेटीची सवय लागून त्यांचा गळाही धैवतावर तसाच हलायचा. "ती गेली, पर तेवढा एक सूर तिच्यावानी बोलत हुता. त्याच्यावरच लिवत हुतो."

"फोनमध्ये घेतला नव्हता का?" मी विचारलं.

"कशाला घेऊ? पेटी घरात हाय की."

करायला गेलो गणपती, झाला मारुती. दोन महिने मी तो सूर पुन्हा उतरवत होतो. सुराच्या मुळाशी खरवडायचो, बसवायचो, त्यांना बोलवायचो. लाट यायची, पण कधी घाईची, कधी आळशी. ते ऐकायचे आणि म्हणायचे, "जवळ आलंय. पर ती न्हाय." शेवटी त्यांनीच माझ्या हातातली कानस काढून घेतली. "ऱ्हाऊ दे. तू मायेनं केलंस." ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून साहेबांनी "पुरे" म्हटलं की मी बायकोचा हात धरायचो.

रचना त्यांनी पुरी केली. दिवाळीनंतर एका दुपारी आम्हा दोघांना वर बोलावलं आणि वाजवली. ऐकणारे आम्ही दोघंच. मधेच ते भाता थांबवायचे, पेटीला कान लावायचे, मग पुढं जायचे. बायको माझ्या कानात म्हणाली, "इसरत्यात काय वो?" ते विसरत नव्हते. तिथं तिथं धैवत होता.

माघात साहेब झोपेतच गेले. मालतीबाईंच्या भाचीनं त्यांच्याही अस्थी वाडीला संगमात सोडल्या. पेटी आणि एक वही माझ्या नावानं ठेवलेली होती. मला त्यांची विलायती स्वरलिपी वाचता येत नाही, म्हणून सगळी रचना त्यांनी थरथरत्या देवनागरीत सा रे ग म लिहून काढली होती. धैवताच्या जागी प्रत्येक वेळी मोकळं वर्तुळ.

दोन महिने मी वही उघडली नाही. धीर होत नव्हता. काल दुपारी चारला माडीवर जाऊन बसलो आणि वाजवायला घेतली. पहिलं वर्तुळ आलं तसा भाता थांबवला आणि लाकडाला कान लावला.

खालून बायकोनं विचारलं, "काय ऐकू येतंय काय?"

"न्हाय," मी म्हणालो. आणि कान तसाच ठेवला, कारण रचना दुसऱ्यांदा वाजत होती.