कूलरमध्ये पडलेली कादंबरी

काल कूलरमध्ये पाणी भरताना माझा चष्मा टाकीत पडला. तो काढायला वाकलो, तर वाळ्याचा ओला वास आला आणि लग्नानंतरचा पहिला उन्हाळा आठवला. ऐंशी सालचा मे. तेव्हा मी कूलरच्या काठावर ठेवलेली वाचनालयाची कादंबरी अशाच टाकीत पाडली होती.

"शेवटची चाळीस पानं राहिली होती माझी! काहून ठेवलं तिथं?" माहेरच्या खाप्याहून नवीन आलेली बायको रडवेली झाली. वाचनालयात दुसरी प्रतही नव्हती.

डोक्याला दुपट्टा गुंडाळून मी भरदुपारी गच्चीवर बसलो आणि एकेक पान उलटून वाळवू लागलो. पानं पापडासारखी कडक झाली, पण अक्षर एकही फुटलं नाही. माझं शाईचं पत्र असतं तर कधीच वाहून गेलं असतं. छापणाऱ्याला मी मनोमन हात जोडले. दोन पानांत घोरणारा मी, पान वाळेपर्यंत करणार काय, वाचत गेलो आणि उन्हाचं भानच सुटलं.

संध्याकाळी पुस्तक तिच्या हातात देताना न राहवून मी शेवट सांगू लागलो.

तिनं कानांवर हात ठेवले. "चूप बसा जी! अन् पुढचं पुस्तकही टाकीतच पाडा. त्याशिवाय तुम्ही काही वाचत नाही."