टाळूवरची गाठ

टाळूच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढं काहीतरी जिभेला लागायचं. दुखत नव्हतं. रत्नागिरीच्या माणसाच्या तोंडात काही सुजलं की आरोपी ठरलेला असतो, माशाचा काटा. आई म्हणाली, पेडव्याचा काटा रुतला असेल, आणि कोरड्या भाताचे गोळे न चावता गिळायला लावले. घशात अडकलेला काटा भाताबरोबर उतरतो. टाळूवरच्या गाठीला भात काय करणार, हे दोन वर्षं माझ्या टाळक्यात शिरलं नाही. शिवाय दुखत नसताना डॉक्टरकडे जाणं म्हणजे आमच्याकडे नसते चोचले.

गाठ सुपारीएवढी झाली तेव्हा गेलो. तुकडा तपासायला पाठवला. टाळूत लाळेच्या बारीक ग्रंथी असतात हे मला पन्नाशीत कळलं, आणि त्यांना कॅन्सर होतो हेही. डॉक्टर म्हणाले, हा प्रकार दुर्मीळ आहे, पण संथ आहे, सहसा लांब पसरत नाही. टाळूचा तेवढा भाग हाडासकट काढावा लागेल. बायकोने देवाला हात जोडले. नातेवाईक फोनवर म्हणाले, नशीबवान आहेस. मला त्यांचा भयंकर राग आला. मी एसटी स्टँडवर गाड्या पुकारणारा माणूस. अठरा वर्षं गुहागर, गणपतीपुळे, देवरूख म्हणत पोट भरलं. मी एकच विचारलं, बोलता येईल का. डॉक्टर म्हणाले, भोकावर कवळीसारखी प्लेट बसवू, सरावाने जमेल.

ऑपरेशन मुंबईला झालं. प्लेट काढली की चहा नाकातून येतो. प्लेट लावून तीन महिने मी भिंतीकडे तोंड करून गावांची नावं म्हटली. बायकोला सगळं कळायचं. ती खोटं बोलत नव्हती, तिला सवय झाली होती, एवढंच.

कामावर परतलो त्या दिवशी माइकवर गुहागरची गाडी पुकारली. फलाटावर कोणी हललं नाही. पुन्हा पुकारली. एक म्हातारी चौकशीच्या खिडकीशी आली आणि कुठली गाडी म्हणून विचारू लागली. मी एकेक अक्षर तोडून सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मग माझ्या शेजारी उभ्या कंडक्टरकडे वळली.

"ह्यांचं काय कळत नाय. तुमी सांगा."

मला तिथेच रडू फुटलं असतं. मी माइक कंडक्टरपुढे सरकवला. त्याने एकदाच गुहागर म्हटलं आणि अर्धा फलाट उठला.