पडद्यावर न आलेल्या ओळी

वसंता मूळचा हसनाबादचा, राहायला शहरात, मस्तगडला भाड्याच्या खोलीत. कॉलेज अर्धवट सुटलेले. आमच्या बियाणे कंपनीत उगवण तपासणीच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम त्याने १९९६ साली स्वतः लिहिला. आपल्या हातून उभे राहिलेले हे एकच काम, असे तो म्हणे. मालकांच्या मुलाला मात्र पुण्याहून तयार प्रोग्राम आणायचा होता. मालक म्हणाले, ‘‘यंदाचा हंगाम बराबर पार पडू दे. मंग वसंताचाच ठेवू.’’

संगणक चालू केला की आधी एक छोटी फाईल चाले आणि ती प्रोग्राम उघडे. प्रोग्राम स्वतःला तपासत जाई आणि काय जमले, काय अडले, ते ओळीओळीने पडद्यावर लिही. चूक सापडावी म्हणून वसंताने ती सोय ठेवली होती.

मालकांना जुन्या दुकानाची सवय. सकाळी गल्ल्याबरोबर संगणकालाही उदबत्ती ओवाळत. प्रिंटर तेव्हा बंद असे, आणि पडद्यावर नेमका ‘एरर’ हा शब्द उमटे.

‘‘वसंता, बोहनीच्या आधी हे काय अशुभ दाखवून राह्यलास?’’

‘‘प्रिंटर बंद हाये, येवढंच सांगतंय ते, मालक.’’

‘‘त्याला म्हणावं गप बस. माझ्यासमोर तू बोलत न्हाईस अन् हे बोलून राह्यलं!’’

सगळे हसले, वसंताही हसला. त्याने सुरुवातीच्या फाईलमध्ये बदल केला. त्या ओळी पडद्याऐवजी डिस्कवरच्या दुसऱ्या फाईलमध्ये साठू लागल्या आणि पडद्यावर नुसते ‘श्री’ दिसू लागले. साठलेले तो अधूनमधून वाचून पुसून टाकी.

मे महिन्यात त्याची आई गोजरबाई अंथरुणाला खिळली. तो गावी गेला. इकडे ती फाईल फुगत गेली आणि डिस्क भरली. नव्या नोंदी जतन होईनात. तसे सांगणारी ओळही लिहायला जागा उरली नव्हती. तपासणीच्या कांताबाई रोज आकडे भरत आणि पद्धतीप्रमाणे कच्च्या चिठ्ठ्या फाडून टाकत.

ऐन पेरणीच्या तोंडावर माल निघायचा, तर शेवटच्या आठवड्याचे निकालच नाहीत. तपासण्या पुन्हा लावाव्या लागल्या. अंबडच्या दुकानदारांनी दुसरीकडून बियाणे उचलले.

वसंता आला तो मुंडण केलेल्या डोक्याने. ती फाईल पुसताच प्रोग्राम पूर्ववत चालू लागला. मालक त्याच्या डोक्याकडे बघत राहिले. ‘‘पाणी घे,’’ एवढेच म्हणाले. मुलाने त्याच दिवशी पुण्याला फोन लावला.

जुना प्रोग्राम काढायचे काम वसंताकडेच आले. काढण्याआधी त्याने सुरुवातीच्या फाईलमधला तो बदल उलटा केला आणि प्रोग्राम एकदा चालवला. ओळी भराभरा पडद्यावर आल्या, प्रिंटरची तक्रारसुद्धा.

‘‘आता कशाला रे, वसंता?’’ कांताबाईंनी विचारले.

‘‘आपणच तोंड दाबलं व्हतं त्याचं, बाई. जाताना तरी बोलू द्या.’’

शेवटची ओळ येईपर्यंत तो थांबला. मग त्याने सगळे पुसले.

पुढे अंबडला टायपिंगच्या वर्गात तो शिकवू लागला. प्रोग्राम त्याने पुन्हा लिहिला नाही.