चुन्याचं वर्तुळ

कप्तानभिया जमिनीवर उतरले की आधी झोपत. पाणी नाही, चहा नाही, धड रामरामसुद्धा नाही. इंजिन बंद झालं, टपालाच्या थैल्या माझ्या हाती आल्या, की विमानाच्या पंखाच्या सावलीत सरळ मातीवर आडवं व्हायचं आणि तोंडावर रुमाल ओढायचा. पेट्रोल भरायला मला पाऊण तास लागे. तेवढ्यात ऊन सरके, सावली सरके आणि हे गृहस्थ झोपेतच कूस बदलत तिच्यामागे जात. शेवटचा डबा रिकामा झाल्याचा आवाज आला की उठून बसत आणि म्हणत, "चल भिया, झालं माझं आयुष्य जगून."

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची दोन-तीन वर्षं देवासच्या विमानाच्या मैदानाची देखरेख माझ्याकडे होती. त्याला विमानतळ म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही. एक उघडा माळ, कडेला पत्र्याची खोली आणि मधोमध दगड बसवून केलेलं भलंमोठं वर्तुळ. वरून मैदान ओळखता यावं म्हणून त्याला चुना मारायचा. गुरं हाकलायची, वारा कुठून येतोय ते वरच्याला कळावं म्हणून ओला पाला पेटवून धूर करायचा, पेट्रोल चामड्यातून गाळून ओतायचं, हीच माझी नोकरी. देवासात तेव्हा एकाच गावात राज्यंही दोन होती, त्यामुळे विचारपूस करायला येणारेही दुप्पट. मी मुळात चिडका. दिवसभर "विमान कधी येणार" याला उत्तर देऊन जीव नकोसा होई.

विमान मुंबईच्या एका लहानशा कंपनीचं, चार उतारूंचं आणि एका इंजिनाचं. चालवणारे हे एकटेच. आमच्याकडे भावाला भिया म्हणतात, म्हणून कप्तानभिया. मूळचे धारचे, दरबारच्या चाकरीतल्या मराठी घरातले. बायको आणि दोन मुली तिकडे धारला. वय पंचेचाळीस असेल, पण चेहऱ्यावर साठीचा शीण. इंजिनाच्या घरघरीपायी कानात कापूस घालत आणि खाली उतरल्यावर तो अत्तराच्या फायासारखा कानाच्या पाळीत खोचून ठेवत. बोलत मात्र इंजिन चालू असल्यासारखं, ओरडूनच. आमची मंडळी म्हणायची, "अहो, ते भांडतायत का तुमच्याशी?"

उतारूंना ते स्वतः तोलत. सामान नव्हे, माणसं. त्यासाठी कापसाच्या जिनमधला जुना काटा मी मागून आणला होता. एकदा एक बडे सरदार आंब्यांच्या दोन करंड्या घेऊन आले आणि काट्यावर चढायला तयार होईनात. आपण कोण, आपली ओळख कुठवर, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. कप्तानभियांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हुजूर, मी ओळखतो आपल्याला. हवा नाही ओळखत." सरदार काट्यावर चढले. करंड्या माझ्या खोलीत राहिल्या, आणि त्यातले चार आंबे नासले असं मी नंतर कळवलं. नासले नव्हते.

उड्डाण केल्यावर ते एक फेरी मारून मैदानावरून जात आणि डावा पंख एकदा खाली करत. मी हात हलवायचा. कंपनीच्या नियमात हे कुठे नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वर जाणाऱ्याकडे सगळे बघतात भिया. खाली उरतो त्याला कोण विचारतं?" त्या एका वाक्यावर मी त्या माळावर दोन उन्हाळे काढले.

तिसऱ्या उन्हाळ्यात आमचं बिनसलं. एक दिवस उतरल्या उतरल्या, झोपायच्याही आधी म्हणाले, "चुना उतर गया है तेरा. मारून घे." मी त्याच आठवड्यात मारला होता. म्हटलं, धूळ बसली असेल. पुन्हा मारला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, "भिया, वर्तुळ दिसत नाही रे. दोन फेऱ्या जास्त मारल्या मी." माझ्या कामावर कुणी बोट ठेवलेलं मला खपत नाही. त्यापुढच्या खेपेला मी पहाटे उठून दोन हात चुना दिला, घट्ट कालवून, आणि वाट बघत बसलो. विमान आलं. टेकडीवरून वळलं, एक फेरी, दोन, तीन, चार. मग उतरले ते वर्तुळापासून लांब, पार कडेच्या बोरींजवळ.

"चुना नाही मारलास," ते म्हणाले.

मी त्यांना हाताला धरून मधोमध नेलं. राग होता माझ्या हाताला, हे कबूल करतो. वर्तुळ उन्हात डोळे दिपवत होतं. ते वाकले, एका दगडावर बोट फिरवलं. चुना अजून ओला होता, बोट पांढरं झालं. त्या बोटाकडे ते बराच वेळ बघत राहिले आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

"डॉक्टरच्या भिंतीवरची अक्षरं मी डोळ्यांच्या दोन तपासण्यांत पाठ करून म्हटली, भिया," ते म्हणाले. ओरडले नाहीत, इतक्या हळू बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. "मनाला समजावलं, अक्षरं बारीकच असतात. पण हे काय बारीक आहे?"

मी घाबरून गेलो. धारच्या दोन मुली डोळ्यांपुढे आल्या. म्हटलं, "कप्तानसाहेब, मी कुणाला सांगणार नाही. रस्ता तुम्हाला झोपेत येतो. मी वर्तुळ याच्या दुप्पट मोठं करतो."

"आणि पुढे भोपाळच्या मैदानावरचं कोण करेल?"

त्या दिवशी विमानात दोन उतारू होते. त्यातल्या शेटजींच्या मुलीची संध्याकाळी भोपाळला सगाई होती. विमान पुढे जाणार नाही हे ऐकताच ते पागोटं सावरत धावत आले. "अरे कप्तान साब, म्हारे आज भोपाल पोंचणो है! मौसम साफ है, मशीन ठीक है, फिर कई बात है?"

मशीन बिघडली म्हणणं किती सोपं होतं. मी तर मागून तशी खूणही केली. कप्तानभियांनी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "मशीन ठीक है सेठजी. मेरी आंखें ठीक नहीं हैं." शेटजी आपलं सामान उतरवून घ्यायला वळले. मी मोटार मिळवून दिली. शेटजी सगाईला पोचले की नाही ते मला माहीत नाही. मग तार लिहायला बसलो. विमान देवासला उभं आहे, चालक उडायला नालायक, दुसरा पाठवा. 'नालायक' ऐवजी 'आजारी' लिहितो म्हटलं, तर तारेचा कागद माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतःच 'नालायक' लिहिलं.

दुसरा चालक तिसऱ्या दिवशी आला, कोवळा, हसतमुख. ते दोन दिवस कप्तानभिया पंखाच्या सावलीत पडून होते, पण झोपले नाहीत. रुमालाखाली डोळे उघडे असायचे. नव्या माणसाला त्यांनी विमानाभोवती दोनदा फिरवलं, टेकडीवरून येताना वारा कसा खाली ढकलतो ते सांगितलं, कानात कापूस घालायला सांगितलं. मग आम्ही दोघं पत्र्याच्या खोलीपाशी येऊन उभे राहिलो. स्वतःचं विमान वर जाताना ते पहिल्यांदाच खालून बघत होते. बघत होते म्हणायचं एवढंच.

विमान उठलं, वळलं, फेरी मारून मैदानावर आलं.

"पंख खाली केला का त्यानं?" त्यांनी विचारलं.

"केला."

"मी सांगून ठेवलंय त्याला. तुझ्यासाठी आहे तो. हात हलव."

मी हात हलवला. मग त्यांनीही हात वर केला आणि आवाज आला होता त्या बाजूला हलवत राहिले. विमान केव्हाच पुढे निघून गेलं होतं. मी त्यांना ते सांगितलं नाही.