देवरे सर आणि तांब्याची पट्टी

देवरे सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, कात्री असे. पेन ते आमच्याकडून मागून घ्यायचे आणि परत करायला हमखास विसरायचे. कात्री मात्र कुणाला द्यायचे नाहीत. समोर काहीही सपाट दिसलं की ते त्याच्या उभ्या पट्ट्या कापायला बसायचे. घरी आलेल्या लग्नपत्रिका तर एकही धड राहत नसे. एकदा काकू वर्ग चालू असतानाच वर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, लग्नाला जायचंय ना? मग कार्यालयाचा पत्ता कशाला कापलात?" सरांनी शांतपणे टेबलावरच्या पट्ट्या जुळवून पत्ता वाचून दाखवला.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. सर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि सकाळी इंदिरानगरमध्ये आपल्या घराच्या माडीवर आम्हा बारावीच्या मुलांचा वर्ग घ्यायचे. मूळचे नामपूरचे. एरवी अगदी पुस्तकी मराठी बोलायचे, पण आनंद झाला किंवा घाबरले की अहिराणी वर यायची. उत्तर जुळलं की टेबलावर थाप मारून ओरडायचे, "बरोबर शे!"

सपाट पट्टीतून वीज गेली तर तिच्या वरच्या बाजूला चुंबकीय क्षेत्र किती, हा त्यांचा लाडका प्रश्न. आम्हाला एका बारीक तारेचं सूत्र पाठ होतं. पट्टी आली की सगळे माना खाली घालायचे. सर कात्री काढायचे. "अडलं की काप. कापूनही अडलं तर आणखी बारीक काप. आता ही काय झाली?" "तार, सर." "मग रडता कशाला? पट्टी म्हणजे शेजारी शेजारी झोपलेल्या तारा." मग डाव्या टोकाची एक तार आणि उजव्या टोकाची एक तार ते हातात धरायचे. "मधोमध वर उभं राहा. ही वर ओढते, ती खाली ओढते. दोघींचं भांडण जागच्या जागी मिटलं. दोघींचं आडवं ओढणं मात्र एकाच दिशेला आहे, तेवढं उरलं. त्याची बेरीज कर, झालं." बेरजेला इंटिग्रेशन म्हणतात हे ते सगळ्यात शेवटी सांगायचे, त्यामुळे त्याची भीती वाटायला वेळच मिळत नसे.

मी मखमलाबादहून सायकलने यायची. आमचा फुलांचा मळा होता, झेंडू आणि गुलाब. मला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझं लग्न उरकायचं होतं. दिंडोरीचं एक चांगलं स्थळ आलं होतं. मी सरांना सांगितलं तेव्हा मला रडू आवरेना. सर तडक मळ्यात आले. अण्णा नम्रपणे म्हणाले, "सर, पोरगी हुशार हाय, नाय कोण म्हणतं? पण ह्या कागदावरच्या कापाकापीचा उपेग काय?"

सर म्हणाले, "रविवारी दाखवतो. सुमन आधी कागदावर हिशेब करेल, पट्टीतून वीज सोडली की होकायंत्राची सुई किती फिरणार ते. मग तुम्हीच बघा."

रविवारी सगळा थाट मांडला. ओसरीत लांबट पाट, पाटावर तांब्याची रुंद पट्टी, पट्टीच्या मधोमध उपडी पितळी वाटी आणि वाटीवर होकायंत्र. लांब वायरींनी पट्टी आमच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडली आणि वीज बेताने जावी म्हणून मध्ये ट्रॅक्टरचेच दोन दिवे. सरांनी पट्टी सुईच्या रेषेत, दक्षिणोत्तर मांडली होती. मी रात्रीच हिशेब करून ठेवला होता. सुई जिथे थांबणार तिथे मी होकायंत्राच्या काचेवर झेंडूची पाकळी चिकटवली. मग सगळे अंगणात चहाला गेले.

परत आल्यावर सरांनी वायर टेकवली. दोन्ही दिवे लख्ख पेटले. सुई ढिम्म.

सरांनी जोडण्या तपासल्या, होकायंत्राला टिचकी मारली. दिवे पुन्हा पेटले, सुई जागच्या जागी. अण्णा हळूच म्हणाले, "सर, सुई तर हलंना." सरांच्या कपाळावर घाम आला. "असं कसं व्हयनं..." ते पुटपुटले. दिंडोरीची माणसं मला दारात दिसायला लागली.

आणि मग मला पाट दिसला. मघाशी त्याची लांब बाजू भिंतीकडे होती, आता दाराकडे होती. पट्टी पूर्व-पश्चिम झाली होती! म्हणजे पट्टी सुईला ओढत होतीच, पण सुई आधीच ज्या दिशेला तोंड करून होती तिकडेच. ती बिचारी हलणार कशाला?

"पाट कोणी फिरवला?" मी ओरडले.

माझी आत्या कमरेवर हात ठेवून पुढे आली. "म्या फिरवला! पोरीच्या जल्माचं बोलणं चाललंय आन् दक्षिणोत्तर मांडून ठेवत्यात व्हय? तसं मड्याला ठेवत्यात!"

मी पाट धरून पुन्हा दक्षिणोत्तर केला. आत्या मध्ये आली, तर तिलाही बाजूला केलं. वायर मीच टेकवली. सुई वळली, डुलली आणि पाकळीच्या जरा अलीकडे येऊन थांबली.

"बरोबर शे!" सरांनी पाटावर अशी थाप मारली की होकायंत्र वाटीवरून खाली पडलं.

अण्णांनी होकायंत्र उचलून पुन्हा वाटीवर ठेवलं. मग मला नाही, आत्याला म्हणाले, "दिंडोरीच्या पाव्हण्यांना कळव. आत्ता नाय म्हणावं."

मी इंजिनिअर झाले. अंबडच्या एका कारखान्यात विजेच्या पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्ट्यांचीच गणितं मी करते, हे ऐकून सरांना फार हसू यायचं. निवृत्तीनंतर ते नामपूरला गेले. एकदा भेटायला गेले तेव्हा मी मनातलं विचारलं, "सर, पाट फिरलाय हे तुम्हाला कळलं होतं ना? मला शोधू दिलंत ना?" माझी खात्रीच होती. सर कात्रीशी चाळा करत म्हणाले, "नाही गं. काही सुचत नव्हतं मला. सुई हलली नाही तर ही पोरगी गेली, एवढंच डोक्यात होतं." त्या दिवसापासून ते मला आणखीच आवडायला लागले.

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होते. नामपूरला पोहोचले तोवर घर माणसांनी भरलं होतं. काकूंनी मला जवळ ओढलं. ओसरीत सरांना खाली ठेवलं होतं, दक्षिणोत्तर. खिशात कुणीतरी कात्री तशीच राहू दिली होती. आत्या तेव्हा हयात नव्हती. ती असती तर तिने नक्की पुढे होऊन त्यांना फिरवलं असतं, आणि या वेळी मी तिला मुळीच अडवलं नसतं.