दाबून धरलेला हात

वर्गातल्या मुली मला आंटी म्हणतात. या वयात नर्सिंग कशाला, असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं. समाजसेवेसाठी, असं छापील उत्तर देता आलं असतं. रागापोटी आले, असं खरं सांगितलं तर त्या हसल्या.

आमचं घर किला गेटपाशी. पूर्वज फौजेतले, म्हणून दसऱ्याला त्यांची तलवार पुजायची. थाटीपुरला वेगळा राहायला गेलेला माझा दीर एका वर्षी पूजा चालू असतानाच म्हणाला, ही आता माझ्या घरी न्यायची. माझ्या नवऱ्याने त्याच्या थोबाडीत दिली. त्याने नवऱ्याचं डोकं देव्हाऱ्यावर आपटलं. झेंडूची फुलं चिरडत सख्खे भाऊ एकमेकांचे गळे धरून लोळले, आणि उठता उठता दिराने तलवार उपसून नवऱ्याच्या मांडीवर चालवली.

रक्ताची चिळकांडी भिंतीवर उडाली. मी पदराचा बोळा करून दोन्ही हातांनी जखम दाबली. का, ते ठाऊक नव्हतं. हात आपसूक गेले. रक्त कमीही झालं होतं.

तेवढ्यात सासूबाई हळदीचा डबा घेऊन आल्या. आमच्या घराण्यात तलवारीचा घाव हळदीनेच भरतो, याचा त्यांना भारी अभिमान. “सूनबाई, हात हटव,” त्या म्हणाल्या. मी हटवला. त्यांनी मूठ मूठ हळद भरली, ती वाहून गेली, पुन्हा भरली.

इस्पितळात नर्सने तो पिवळा चिखल बोटांनी उपसला आणि माझ्यावर खेकसली, “दबाना था. बस, दबाए रखना था।” तोवर नवरा गेला होता.

माझा हात योग्य जागी होता, आणि ते मला परक्या बाईकडून कळावं! याची चीड अजून जात नाही. त्या चिडीपायीच मी या वर्गात बसते.

परवा वॉर्डात एकाला आणलं, मारामारीत दंडावर चाकू बसलेला. सिस्टरने मला जखम दाबून धरायला सांगितलं. तो ओरडायला लागला तसा त्याचा दारू प्यालेला भाऊ माझ्या अंगावर धावला. केस ओढले, कानाखाली काढली, मनगट पिरगाळायला बघितलं. मी त्याला लाथ घातली, पण डॉक्टर येईपर्यंत हात तिथेच ठेवला.

घरी सासूबाईंनी सुजलेला कान बघून कोणी मारलं ते विचारलं. पेशंटच्या भावाने, मी म्हटलं, हात हटव म्हणत होता, मी नाही हटवला.

त्यांनी माझं मनगट हातात घेऊन पाहिलं. मग म्हणाल्या, “वाचला?”

वाचला, असं मी सांगितलं, आणि आपल्या मुलासाठी त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या.