रिकामा पासवर्ड

संताप कुणाचा यावा, कॉम्प्युटरचा की अण्णांचा, हे मला आजही ठरवता येत नाही. दोघंही सारखेच हट्टी. एकदा नाही म्हटलं की नाही.

आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांचाच जुना आवाज रोज ऐकवा, मागोमाग म्हणायला लावा. आवाज होता की! माझ्या वडिलांना, अण्णांना, रेकॉर्डिंगचं भारी वेड. आई दूधवाल्याला झापतेय, शेळीवर खेकसतेय, सगळं त्यांच्या ओसरीवरच्या जुन्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर. आई आतल्या खोलीत खाटेवर, तिच्या उशाशी माझा लॅपटॉप, त्यात लिनक्स. पेनड्राइव्ह लावावा तर त्या डब्याच्या दोनच जागा जिवंत, एकीत कीबोर्ड, दुसरीत माऊस, आणि एक जरी उपसलं तर ती जागाही मरायची भीती. घरात वायफाय आहे, म्हटलं फोल्डर शेअर करू, पाच मिनिटांचं काम.

कसली पाच मिनिटं! चार दिवस गेले. फोल्डर लॅपटॉपवर दिसायचा, क्लिक केलं की नाव विचारायचा, पासवर्ड विचारायचा. नाव दिलं. पासवर्ड अण्णांनी कधी ठेवलाच नव्हता, म्हणून जागा रिकामी सोडली. पुन्हा तोच प्रश्न. मी फायरवॉल तपासली, परवानग्या तपासल्या, राउटर बंद-चालू केला, त्याला शिव्याही घातल्या. शेवटी कळलं, ज्या खात्याला पासवर्डच नाही त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही. म्हणजे समोर बसून कुणीही उघडावं, पण घरातल्या लेकीने आतल्या खोलीतून मागितलं तर नाही! काय म्हणावं या अकलेला? ती अट बंदही करता येते, हे मला पुढे आठवड्याने समजलं. गरज होती तेव्हा सांगायला कुणी आलं नाही.

"अण्णा, एक पासवर्ड ठेवा ना."

"न्हाई ठेवायचा. शिंगणापुरात राहतो आपण. घराला दार न्हाई, कपाटाला कुलूप न्हाई, अन् ह्या डब्याला कशाला?"

"अहो, आईसाठी मागतेय मी!"

"मग दुसरं कायतरी कर. एवढी शिकलेली हायस ना?"

माझं डोकंच फिरलं. इथे बाईच्या तोंडून शब्द फुटेना आणि यांना रीतीची पडलीय!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शनीच्या दर्शनाला गेले, तेवढ्यात मी गुपचूप पासवर्ड घातला. फोल्डर मुकाट उघडला. आईचा जुना खणखणीत आवाज खोलीत आला, "अगं ए, सोड ती बादली!" आई दचकली. तिचे डोळे भरून आले, ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

अण्णा आले, ओसरीवर कॉम्प्युटरसमोर बसले आणि थोड्या वेळाने उठून आमच्या चौकटीत उभे राहिले. आता भांडण होणार म्हणून मी कंबर कसून बसले होते. पण ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मला आत घेईना गं ते. कोण म्हणून इचारतंय."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. वाकडं तोंड आणखी वाकडं करून, सगळा जीव एकवटून ती म्हणाली, "काढ."

दोन महिन्यांतला पहिला शब्द, आणि तोही नवऱ्याच्या बाजूने! मी रडत रडत उठले आणि पासवर्ड काढला.